छोट्या धंद्यातले मालक आणि कामगार: वाद होण्याआधी काय लिहावे, वाद झाल्यावर कुठे जावे

आपल्या वस्त्यांमध्ये छोटे धंदे भरपूर आहेत. नाक्यावरची बेकरी, दुचाकीचे गॅरेज, शिलाईचा कारखाना, बिर्याणीचे हॉटेल, मोबाईल दुरुस्तीचे दुकान. भिवंडी-मालेगावसारख्या गावांत घराला लागून असलेला यंत्रमागाचा शेड. कुठे दोन कामगार, कुठे आठ, कुठे पंधरा. मालक स्वतःही त्यांच्याबरोबर कामाला उभा असतो. दुपारचे जेवण बऱ्याच ठिकाणी एकत्रच होते. म्हणून मालक सहज म्हणतो, "आमच्याकडे कसले कामगार, सगळी घरचीच पोरं आहेत."

हे नाते चांगले असेपर्यंत खरेच चांगले चालते. बिघडले की मात्र दोन दिवसांत बिघडते. ईदच्या तोंडावर कारागीर निघून जातो. मालक म्हणतो, वीस हजार उचल घेऊन पळाला. कारागीर म्हणतो, तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा पैसाच दिला नाही. दोघेही कदाचित खरे बोलत असतील, पण कागद एकाकडेही नसतो. मग मोहल्ल्यातली चार माणसे बसतात, आवाज चढतात, आणि ज्याची ओळख मोठी त्याच्या बाजूने निकाल लागतो.

आम्ही शिक्षक मंडळी. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येते म्हणून पालक अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यात मालकही असतात आणि कामगारही. त्यांचे ऐकून आमचे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक वादांच्या मुळाशी बेइमानी नसते. सुरुवातीला न बोललेली आणि न लिहिलेली गोष्ट असते. या लेखात छोट्या धंदेवाल्याला कर्मचाऱ्यांशी इन्साफाने वागायला कोणती मदत मिळते, कायदा काय सांगतो आणि रोजच्या व्यवहारात काय करावे, ते क्रमाने मांडत आहोत.

कामगार संबंधांची मदत म्हणजे काय?

मोठ्या कंपनीत एचआर विभाग असतो, वकील असतो, युनियन असते. छोट्या दुकानात यातले काहीच नसते. म्हणून मालक आणि कामगार दोघांनाही सल्ला देणारी, भांडण कोर्टात जाण्याआधी समेट घडवणारी कोणीतरी बाहेरची, निःपक्ष व्यक्ती लागते. यालाच कामगार संबंधांची मदत म्हणायचे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांतले संप आणि तंटे मिटवण्यासाठी १९३४ साली मुंबई प्रांतात समेटाचा खास कायदा झाला. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडायला सरकारी कामगार अधिकारी आणि समेट घडवायला कामगार आयुक्त, ही रचना तिथून सुरू झाली. आजही प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सरकारी कामगार अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त ही पदे आहेत. राज्याचे मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे.

परदेशातले एक उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९७५ पासून 'एकास' नावाची सार्वजनिक संस्था आहे. तिच्या हेल्पलाइनवर मालकही फोन करतो आणि कामगारही. सल्ला मोफत असतो. कामगारावर कारवाई करताना काय पावले टाकावीत याची तिने छोटी नियमावली केली आहे: आरोप लेखी सांगा, बैठक घ्या, कामगाराला सोबत माणूस आणू द्या, निर्णयावर फेरविचार मागण्याची संधी द्या. ही नियमावली विनाकारण धुडकावली तर तिथले न्यायाधिकरण भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. कामगाराने ती धुडकावली तर तेवढीच कमीही करू शकते. म्हणजे नियम दोघांनाही बांधतो. आपल्याकडे अशी एकच खिडकी नाही, पण यातली पावले कोणत्याही दुकानात बिनखर्चाने वापरता येतात. ती पुढे येतीलच.

तुमच्या दुकानाला कोणता कायदा लागू होतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि सुरक्षा व आरोग्य. किमान वेतन, बोनस, औद्योगिक विवाद असे जुने २९ कायदे यांत सामावले गेले. छोट्या मालकाने सगळी पुस्तके वाचायची गरज नाही. आपल्याकडे माणसे किती, हे आधी मोजावे.

एक कामगार असला तरी: वेतन संहिता लागू. किमान वेतन, वेळेवर पगार, बेकायदा कपात नाही, ओव्हरटाइमला दुप्पट दर, स्त्री-पुरुषांना समान कामाला समान पगार. "आमचं दुकान छोटं आहे" ही सबब इथे चालत नाही.

दहा किंवा जास्त: कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा, नियुक्तीपत्र आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती.

वीस किंवा जास्त: भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ, आणि तक्रार निवारण समिती. या समितीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसतात.

याशिवाय महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'गुमास्ता' किंवा 'शॉप ॲक्ट' आहे. सुरुवातीला त्याची पूर्ण नोंदणी दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानांना होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने ती मर्यादा वीसवर नेली. त्याखालच्या दुकानाने फक्त धंद्याची ऑनलाइन माहिती द्यायची.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दुकान जितके लहान, तितके कायद्याचे कागदी ओझे कमी. पण ओझे कमी म्हणजे जबाबदारी कमी, असे नाही. नऊ माणसांच्या बेकरीत कायदा समिती नेमायला सांगत नाही. तिथे तक्रार ऐकून घेणारा एकच असतो, मालक. आणि बऱ्याचदा तक्रारही त्याच्याविरुद्धच असते. म्हणून छोट्या जागी इन्साफाची पद्धत मालकाला स्वतःहून लावून घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी एक पान लिहा

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण कुरआनात सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत सविस्तर आली आहे. उचल हा उधारीचाच व्यवहार आहे. आपण घर भाड्याने देताना करार करतो, मग माणूस कामावर ठेवताना लाज कशाची वाटावी? "विश्वास नाही का?" असे कोणी विचारले तर सांगावे, विश्वास टिकावा म्हणूनच लिहितो आहोत.

एका पानावर एवढे पुरे:

१. नाव, पत्ता, कामाला लागल्याची तारीख.
२. काम काय. फक्त 'हेल्पर' नको. 'भट्टीवर काम, सकाळी माल लावणे' असे स्पष्ट.
३. पगार महिन्याचा, रोजाचा की नगावर किंवा मीटरवर. दर किती.
४. पगाराची तारीख. रोख की खात्यात.
५. कामाची वेळ, जेवणाची सुट्टी, आठवड्याची सुट्टी.
६. ओव्हरटाइम कसा मोजणार.
७. उचल घेतली तर दर महिन्याला किती कापायची.
८. काम सोडताना किंवा काढताना किती दिवस आधी सांगायचे.

खाली दोघांच्या सह्या, एक प्रत कामगाराकडे. कामगार उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालचा असेल तर त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवा. न वाचता घेतलेला अंगठा उद्याच्या भांडणाचे कारण ठरतो.

हे पान मालकाच्याही फायद्याचे आहे. वेतन संहितेनुसार कामगाराने पगार मिळाला नाही असा दावा केला, तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कामगार तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करू शकतो. दावा खरा निघाला तर अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. ज्याने रोख पगार दिला आणि सही घेतली नाही, त्या प्रामाणिक मालकाला हा नियम सगळ्यात जास्त महागात पडतो. हजेरीची वही आणि पगाराची पावती, एवढ्या दोन गोष्टींनी तो वाचतो.

पगार, खाडा, दंड आणि उचल

आकड्यांत बघू या. समजा कामगाराचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे आणि महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे रोज ६०० रुपये, आणि आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ७५ रुपये.

पगाराची तारीख: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. रोजंदारी त्याच दिवशी, पाळी संपताना. "पार्टीचं पेमेंट आलं की देतो" हे उत्तर कायद्यात बसत नाही. गिऱ्हाईकाची उधारी ही मालकाची जोखीम आहे, कामगाराची नव्हे.

ओव्हरटाइम: तासाला ७५ चे दुप्पट, म्हणजे १५०. ईदच्या आधीच्या दहा दिवसांत शिलाईवाल्याने रोज तीन तास जादा काम केले तर ३० तासांचे ४,५०० रुपये होतात. ते 'ईदी' म्हणून हजार-दोन हजार देऊन मिटत नाहीत. ईदी ही मालकाची खुशी आहे, ओव्हरटाइम हा कामगाराचा हक्क आहे. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा.

खाडा: जितके दिवस गैरहजर तितक्याच दिवसांचा पगार कापता येतो. एक दिवस दांडी मारली म्हणून दोन दिवसांचे पैसे कापणे चूक आहे.

दंड: कायद्याने दंड लावायला जागा आहे, पण बंधनेही आहेत. कोणत्या चुकीला दंड, हे आधी जाहीर असले पाहिजे. दंडाआधी कामगाराला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आणि एका महिन्यातला दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. १५,६०० वर तो फार तर ४६८ रुपये होतो. उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा रोज कापण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तीत कायदा आणि इन्साफ दोन्ही मोडतात.

नुकसान: ग्लास फुटला, कापड खराब झाले, गाडीला ओरखडा गेला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तरच कपात, आणि तीही त्याला विचारल्यावर. नुकसानीच्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त नाही.

सगळ्या कपाती मिळून: एका महिन्यात पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. आपल्या उदाहरणात ७,८०० रुपये कामगाराच्या हातात पडलेच पाहिजेत, उचल कितीही बाकी असो.

उचलीबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण आपल्या भागातले निम्मे वाद तिच्यावरून होतात. बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन, गावच्या घराचे छप्पर, अशा वेळी मालक पैसे देतो ते भल्यासाठीच. पण तीच उचल फिटेपर्यंत माणसाला हलता येत नाही, दुसरीकडे जास्त पगार मिळत असला तरी जाता येत नाही, असे झाले तर मदतीची बेडी होते. कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार बंदी कायद्याने गुन्हा आहे. उपाय साधा आहे. उचलीची वेगळी छोटी वही ठेवा, दर महिन्याला ठरलेला हप्ता कापा, बाकी किती ते पगाराच्या दिवशीच सांगा आणि दोघांची सही घ्या. कामगार मध्येच सोडून गेला तर उरलेली रक्कम हे कर्ज आहे. त्याची वसुली कर्जासारखी करा. त्याचे आधार कार्ड, सामान किंवा शेवटचा पगार अडवून ठेवू नका.

चूक झाली तर: आधी ऐका, मग ठरवा

समजा बेकरीच्या गल्ल्यात तीन दिवस पैसे कमी भरले. काउंटरवर दोन मुले असतात. एकाबद्दल शंका आली. मालक रागात सगळ्यांसमोर म्हणतो, "उद्यापासून येऊ नको."

इथे तीन गोष्टी बिघडल्या. मुलाला आरोप नीट कळला नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. आणि चोर हा शिक्का मोहल्ल्यात पसरला. चार दिवसांनी पुरवठादाराला दिलेले पैसे लिहायचे राहून गेल्याचे कळले, तर गेलेली इज्जत कोण परत आणणार?

त्याऐवजी ही पावले बघा:

१. त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. हिशेब तपासा, दुसऱ्या मुलालाही विचारा, कॅमेरा असेल तर बघा.
२. काय आरोप आहे ते साध्या चार ओळींत लिहून द्या. तारीख, रक्कम, वेळ.
३. एक-दोन दिवस उत्तरासाठी द्या. नंतर बंद दाराआड बसा. त्याला हवा तर भाऊ, चाचा किंवा सहकारी सोबत येऊ द्या.
४. त्याचे म्हणणे लिहून घ्या. ऐकताना मध्ये बोलू नका.
५. चुकीच्या मानाने शिक्षा ठरवा. पहिली छोटी चूक असेल तर ताकीद पुरे. ताकीदही लेखी द्या.
६. निर्णय मान्य नसेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाकडे फेरविचार मागता येईल असे ठेवा. तो मालकाचा भागीदार असेल, व्यापारी संघटनेतला कोणी असेल, दोघांना मान्य असलेला मोहल्ल्यातला बुजुर्ग असेल.

आम्हाला वर्गातही हेच करावे लागते. डबा चोरीला गेला की अख्खा वर्ग एकाकडे बोट दाखवतो. त्या पोराला बोलू दिले नाही तर चोरी उघड होत नाहीच, वर तो पोरगा शाळेपासून तुटतो. दुकानातही माणूस असाच तुटतो.

मोठ्या आस्थापनांत चौकशी चालू असताना कामगाराला निलंबित केले तर त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर ७५ टक्के, विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर. त्यामुळे चौकशी लांबवणे मालकालाच परवडत नाही.

तास, सुट्ट्या आणि रमजान

आठवड्याला ४८ तास हे आपल्याकडचे जुने माप आहे. राज्याच्या दुकाने कायद्यात रोजचे तास आधी नऊ होते. २०२५ च्या बदलाने ते दहा झाले, पण आठवड्याचे ४८ कायम आहेत. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी हवीच. या सुट्टीसाठी महाराष्ट्रात मोठा लढा झाला आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार की शुक्रवार, हे धंद्याच्या सोयीने ठरवा. पण ती वही-कागदावर असू द्या आणि 'आज माल जास्त आहे' म्हणून दर वेळी खाऊ नका.

दुकाने कायद्यात सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. तुमचे दुकान या कायद्याच्या मर्यादेखाली असले तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे. मालक मुस्लिम, कारागीर निम्मे हिंदू, असे चित्र आपल्याकडे नवे नाही. दोन्ही ईद, दिवाळी आणि गणपती अशी यादी एकत्र बसून केली की ऐन सणाला कुरबुर होत नाही.

रमजानचेही तसेच आहे. रोजेदार कामगाराला इफ्तार आणि नमाजसाठी वेळ हवा असतो, आणि नेमकी तेव्हाच हॉटेल आणि बेकरीत गर्दी उसळते. शाबान महिन्यातच पाळ्यांचे वेळापत्रक लावा. कोणाची इफ्तारची सुट्टी किती वाजता, रात्रीच्या जादा तासांचे पैसे किती, आणि मुस्लिमेतर कामगारांवर सगळा भार पडणार नाही हे कसे बघणार, ते आधी बोलून घ्या. पाहुण्यांना खाऊ घालता घालता आपलाच वेटर उपाशी उभा राहू नये.

कामावरून कमी करताना

धंदा मंदावला, माग बंद ठेवावे लागले, माणूस कमी करायची वेळ आली. हा गुन्हा नाही, पण त्याची रीत आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी. सर्वसाधारण नियम असा, की त्या कामावर जो सगळ्यात शेवटी लागला तो आधी कमी होतो. मालकाने वेगळे केले तर कारण लिहून ठेवावे.

ग्रॅच्युइटी वेगळी. दहा किंवा जास्त कामगारांच्या जागी पाच वर्षे झालेल्या माणसाला ती मिळते. मुदतीच्या करारावर असलेल्याला आता एक वर्षानंतरही मिळते. मोजायची रीत: महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. आपल्या उदाहरणात वर्षाला ९,००० रुपये. आठ वर्षांचे ७२,०००. शहाणा मालक दर वर्षी ही रक्कम बाजूला ठेवतो. ती त्याच्याकडे अमानत आहे असे समजावे.

माणूस स्वतः सोडून गेला असो किंवा काढला असो, त्याचा शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. "पुढच्या महिन्यात ये" हे आता कायद्याला मान्य नाही.

स्त्रिया आणि मुले

शिलाई, पॅकिंग, पार्लर, क्लासेस, दवाखाना, अशा ठिकाणी आपल्या अनेक भगिनी काम करतात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर अंतर्गत समिती नसते. पण २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथे करता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. या समितीचा पत्ता दुकानात दिसेल अशा जागी लावणे, ही मालकाची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट ठरेल. प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे.

मुलांबद्दल शिक्षक म्हणून स्पष्टच लिहितो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. "काम शिकतोय, पगार नाही, फक्त चहापाणी" म्हटल्याने तो कामगार नाही असे होत नाही. सातवीतून गळालेला पोरगा गॅरेजमध्ये दिसला की मालकाने त्याला पाना देण्याआधी शाळेत फोन करावा. आम्ही त्याला परत घ्यायला तयार असतो.

वाद झालाच तर कुठे जावे

पहिली पायरी दुकानातच. तक्रार लिहून द्या, उत्तराला सात दिवस द्या. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समितीकडे जा. तिने तीस दिवसांत काम पूर्ण करायचे असते.

दुसरी पायरी जिल्ह्याचे कामगार कार्यालय. पगार, कपात, ओव्हरटाइम, कामावरून काढणे, यांचे अर्ज इथे घेतले जातात. समेट अधिकारी दोघांना बोलावतो. वकिलाशिवायही जाता येते. मालकाला नोटीस आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही. ते बोलावणे समेटाचे असते. न जाणे हीच चूक ठरते. समेट ४५ दिवसांत झाला नाही तर कामावरून काढलेला कामगार थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्याला काढल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

मालकानेही या कार्यालयात फक्त नोटीस आल्यावर जायचे, असे नाही. नव्या संहितेत निरीक्षकाला 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' म्हटले आहे, आणि मालक-कामगार दोघांना कायदा पाळण्याबद्दल सल्ला देणे हे त्याचे काम म्हणून लिहिले आहे. किमान वेतनाचा ताजा दर, हजेरीपत्रकाचा नमुना, ईएसआयची नोंदणी, हे विचारायला जा. ईएसआयचे उदाहरण घ्या. १५,६०० पगारावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ११७ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५०७ रुपये महिन्याला. भट्टीत हात भाजला, मागात बोट गेले, तर इलाजाचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग तिथून मिळतो. चंदा गोळा करत फिरावे लागत नाही.

तिसरी पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यांची देशभराची हेल्पलाइन १५१०० आहे.

मोहल्ल्यातल्या समेटाचे काय? तो जरूर करा, पण दोन अटींवर. बसणाऱ्यांत मालकाचे मित्र जितके, तितकी कामगाराच्या बाजूची माणसेही असावीत. आणि जे ठरले ते लिहून दोघांना द्यावे. किमान वेतनापेक्षा कमी रकमेवर 'तडजोड' करून कामगाराचा हक्क माफ करून घेता येत नाही. अंगावर हात टाकणे, कोंडून ठेवणे, स्त्रीचा छळ, मुलांना कामाला लावणे, या गोष्टी मोहल्ल्यात मिटवायच्या नसतात. तिथे थेट पोलीस आणि संबंधित समितीकडेच जावे.

आजपासून काय करता येईल?

मालकाने या आठवड्यात तीन वह्या घ्याव्यात: हजेरी, पगार, उचल. प्रत्येक कामगाराबरोबर पंधरा मिनिटे बसून वरचे एक पान भरावे. जुना हिशेब राहिला असेल तर तोही त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करावी.

कामगारानेही आपली छोटी डायरी ठेवावी: आलेली वेळ, गेलेली वेळ, मिळालेले पैसे. मोबाईलवर पगाराच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा. ज्यांना पीएफ, ईएसआय नाही त्यांनी ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे.

लिहिता येत नसेल तर शाळेत शिकणारी मुले घरात आहेतच. आठवीच्या पोरीला बापाची हजेरी वही भरायला सांगा. तिचे गणितही सुधारेल, आणि बापाच्या घामाचा हिशेबही पक्का राहील.